व्हिडिओ कॉलवर आवाज स्पष्ट पोहोचावा म्हणून: माइक, खोली आणि सेटिंगची तयारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला कारखानदार परगावच्या ग्राहकाशी ड्रॉइंगवर चर्चा करतो, विद्यापीठातले प्राध्यापक दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घेतात, राजारामपुरीतल्या गाण्याच्या बाई परदेशी गेलेल्या शिष्येला घरी बसून शिकवतात, आणि या सगळ्यांच्या बोलण्याची सुरुवात बहुधा एकाच प्रश्नाने होते: "आवाज येतोय का?" आवाज येत असतो, पण तो घुमत असतो, फाटत असतो किंवा मध्येच तुटत असतो. चित्र थोडे अडखळले तरी बोलणे पुढे सरकते. आवाज नीट नसला तर मात्र समोरचा माणूस अर्ध्या तासात थकतो, न ऐकलेल्या वाक्यालाही "हो, हो" म्हणू लागतो आणि ठरलेले आकडे चुकीचे लिहून घेतले जातात.

अशा वेळी बहुतेक जण सर्वांत आधी महाग माइक मागवतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी तोंड आणि माइक यांतले अंतर पाहावे, मग खोली, मग वीज आणि सेटिंग. एवढे करूनही उणीव उरली तरच पैसे खर्च करावेत. घुमणाऱ्या खोलीत दूर ठेवलेला महागडा माइक तो घुमारा अधिक बारकाईने टिपतो, यापलीकडे काही साधत नाही.

आधी दोष ओळखावा

ज्या खुर्चीत बसून कॉल करायचा, त्याच खुर्चीत, त्याच वेळी, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम त्यासाठी उत्तम आहे. मोबाइलवर फोनमधला रेकॉर्डर पुरेसा होतो. सुरुवातीची दहा-पंधरा सेकंदे काहीही न बोलता गप्प बसावे, म्हणजे खोलीचा स्वतःचा आवाज वेगळा ऐकता येतो. त्यानंतर नेहमीच्या आवाजात एखादा परिच्छेद वाचावा, "पाटलांच्या फाटकापाशी भला मोठा पिंपळ पडला" यासारखे प, फ, भ यांनी भरलेले वाक्य म्हणावे, आणि शेवटी आकडे वाचावेत: सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, पंचावन्न, पंच्याऐंशी.

आकड्यांचा आग्रह मुद्दाम धरतो आहे. मराठीत सदुसष्ट आणि अडुसष्ट यांतला फरक शब्दाच्या तोंडाशी असलेल्या एखाद्या वर्णावर टांगलेला असतो. बोलण्यातला जोर बहुतांशी स्वरांत असतो आणि तो खालच्या कंपनसंख्यांत राहतो. स, श, च, ट, त ही व्यंजने मात्र दुबळी असतात आणि त्यांची ओळख पटवणारा भाग साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. घुमारा आणि पंख्याचा आवाज आधी या दुबळ्या व्यंजनांनाच गिळतात. त्यामुळे समोरच्याने स्पीकर कितीही मोठा केला, तरी आवाज मोठा होतो पण शब्द उलगडत नाहीत.

हे ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐकावे. सुरुवातीच्या शांततेत घरघर किंवा गुणगुण असेल तर दोष पंख्याचा किंवा विजेचा आहे. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर माइक दूर आहे किंवा खोली घुमते आहे. प आणि भ म्हणताना फट्‌फट् ऐकू येत असेल तर श्वास थेट माइकवर आदळतो आहे, आणि मोठ्याने उच्चारलेले शब्द फाटत असतील तर पातळी जास्त चढवलेली आहे. ध्वनिमुद्रण स्वच्छ असूनही कॉलवर तक्रार येत असेल, तर खोली आणि माइक यांना हात न लावता इंटरनेट, ॲपचे सेटिंग किंवा पलीकडची बाजू तपासावी.

अंतर: बिनपैशाची सर्वांत मोठी सुधारणा

मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. अंतर निम्मे केले की तेवढीच चढते. पंखा, रस्त्यावरची वाहने आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र माइक थोडा इकडेतिकडे सरकवला तरी जवळपास तेवढाच राहतो. लॅपटॉपमधला माइक तोंडापासून साधारण ६० सेंटिमीटरवर असतो. माइक १५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर दोनदा निम्मे होते, म्हणजे आपला आवाज १२ डेसिबलने, ऊर्जेच्या हिशेबात सोळापट, वर येतो आणि पंखा होता तिथेच राहतो. प्रभात फिल्म कंपनीने आपला पहिला बोलपट १९३२ साली कोल्हापुरातच तयार केला. तेव्हापासून यंत्रे पार बदलली, पण माइक बोलणाऱ्याच्या जवळ असावा हा ध्वनिमुद्रणाचा नियम आजही तोच आहे.

लॅपटॉप तोंडाजवळ आणता येत नाही, म्हणून बाहेरचा छोटा माइक लागतो. मोबाइलबरोबर मिळालेला वायरचा इयरफोनही त्यासाठी चालतो. मात्र त्याचा माइक हातात धरून तोंडापाशी नेण्याची सवय मोडावी, कारण बोटांची प्रत्येक हालचाल खसखस होऊन पोहोचते. वायर छोट्या चिमट्याने कपड्याला अडकवावी आणि माइक मोकळा ठेवावा.

कॉलरला लावायचा माइक हनुवटीखाली साधारण एक वीत असावा. सदऱ्याच्या बटणपट्टीवर तो सहज बसतो. साडी नेसलेली असेल तर तो पदराच्या आत न घेता पदराच्या वरच्या घड्यांवर छातीच्या मध्याकडे लावावा, आणि मंगळसूत्र किंवा साखळी त्याच्यावर आपटत नाही हे मान वळवून, पुढे वाकून तपासावे. मण्यांचा बारीक टकटकाट आपल्याला जाणवत नाही, पलीकडच्याला प्रत्येक हालचालीला ऐकू येतो. चिमट्याखाली वायरीचा एक लहान वेढा सोडावा, म्हणजे वायर ओढली गेली तरी झटका माइकपर्यंत जात नाही.

हेडसेटची दांडी तोंडासमोर न आणता ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावी. श्वास समोर जातो, आवाज सगळीकडे पसरतो; त्यामुळे किंचित बाजूला असलेल्या माइकला शब्द पूर्ण मिळतात आणि फुंकर चुकते. टेबलावरचा माइक एक वीत अंतरावर, थोडा तिरपा ठेवावा आणि त्याखाली घडी घातलेला जाड नॅपकिन द्यावा, कारण कीबोर्डचा खडखडाट आणि बांगड्यांचा आवाज लाकडातून थेट चढतो. आणखी एक बाब तपासून घ्यावी: टेबलावरच्या अनेक माइकांत टोकाकडून नव्हे, तर बाजूने बोलायचे असते. आपल्या माइकची बोलण्याची बाजू कोणती, हे त्याबरोबरच्या पत्रकात पाहावे.

खोली

खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीनंतर टण्‌कन शेपूट ऐकू आले, तर तेच शेपूट आपल्या प्रत्येक शब्दाला चिकटते आहे असे समजावे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांतल्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी फळ्यांच्या छताच्या, आणि सामानाने भरलेल्या खोल्या सहसा कमी घुमतात. नव्या फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी, स्लॅब, पुट्टी मारलेल्या भिंती, काचेची मोठी खिडकी आणि लोखंडी कपाट असलेली खोली मात्र भलतीच घुमते.

यासाठी स्टुडिओचे फोम आणण्याआधी घरातल्या जाड वस्तू वापराव्यात. आपल्याकडची वाकळ, म्हणजे जाड गोधडी, या कामाला उत्तम आहे: अनेक थरांची, जड, मऊ. ती भिंतीला चिकटवून लावण्यापेक्षा दोरीवर, भिंतीपासून चार बोटे पुढे टांगली तर अधिक शोषते. पातळ पडदा किंवा चादर केवळ सर्वांत वरचे ध्वनी थोडेसे घेते. जाडी नसेल तर उपयोग नाही. दोन भिंतींना प्राधान्य द्यावे: आपण जिच्याकडे तोंड करून बोलतो ती, आणि आपल्या पाठीमागची. समोरची भिंत कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून तिथे वाकळ निःसंकोच टांगावी. पाठीमागची दिसते, म्हणून तिथे पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट ठेवावे. वेगवेगळ्या उंचीची पुस्तके आवाज विखुरतात आणि चित्रही चांगले दिसते. पायाखाली सतरंजी, शेजारी गादी असलेली कॉट असावी. पलंग, गाद्या आणि कपडे असलेली झोपायची खोली या कामासाठी दिवाणखान्यापेक्षा बहुधा सरस ठरते. अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; पातळ पुठ्ठा बोलण्याचा घुमारा फारसा शोषत नाही आणि आगीचा धोका वाढतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

वाकळ आणि पडदे खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत, हा भेद लक्षात ठेवावा. बाहेरचा आवाज मुख्यतः फटींतून येतो. दाराखालची फट, खिडकीच्या सरकत्या काचांमधली जागा आणि एसीच्या पाइपाचे भोक बंद केले तर महाद्वार रोडसारख्या गजबजलेल्या भागातही फरक जाणवतो. रबरी पट्टी आणि दाराखाली लावायचा ब्रश हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गणपतीच्या दिवसांतल्या डॉल्बीचे खालचे ठोके मात्र भिंतीतूनही येतात. त्याला घरगुती उपाय नाही, महत्त्वाची बैठक दुसऱ्या वेळी घ्यावी.

पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसून कॉल करू नये. पत्र्यावरचा पाऊस सर्व कंपनसंख्यांत एकदम पसरतो, त्यामुळे ॲपला तो आवाजापासून सुटा करताना व्यंजनेही कापावी लागतात. खोली बदलणे शक्यच नसेल तर हेडसेटचा माइक ओठांशी आणावा, दुसरा इलाज नाही. पंख्याच्या बाबतीत दोन वेगळे त्रास असतात: मोटारीची घरघर आणि माइकवर पडणारा वारा. टेबल छताच्या पंख्याच्या थेट खालून बाजूला घ्यावे आणि माइकवर फोमची टोपी चढवावी. एवढ्याने वाऱ्याचा त्रास जातो. घरघर वेग कमी केल्यानेच कमी होते.

कारखान्यातल्या केबिनमधून बोलणाऱ्यांनी माइकच्या दिशेचा फायदा घ्यावा. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरचे जास्त आणि मागचे सर्वांत कमी घेतो. म्हणून माइकची पाठ मशीन शॉपकडे आणि तोंड आपल्याकडे येईल असे बसावे. यात आपण स्वतः मशीनकडे तोंड करून बसतो, हे अनेकांना उलटे वाटते. पण सीएनसी मशीनचा आवाज माइकच्या पाठीवर घ्यायचा तर तसेच बसावे लागते.

माइकची निवड

रोजच्या बैठकांसाठी वायरचा यूएसबी हेडसेट ही माझ्या मते सर्वांत शहाणपणाची खरेदी आहे. साधा, चांगला हेडसेट दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळतो. माइक तोंडापाशी कायम एकाच अंतरावर राहतो आणि स्पीकर कानावर असल्याने प्रतिध्वनीचा प्रश्नच उरत नाही. दिवसाला अनेक तास शिकवणाऱ्यांना डोक्यावर हेडसेट नको असेल, तर यूएसबीचा टेबल माइक आणि हलणारी दांडी घ्यावी. एक्सएलआर वायरचा माइक आणि तो लॅपटॉपला जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, यांची गरज गायन, पॉडकास्ट अशा कामांना असते. त्या वाटेने गेल्यास कंडेन्सर माइकला इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण लागते, आणि गोंगाटाच्या, न सजवलेल्या खोलीत डायनॅमिक माइक जवळ धरून बोलणे अधिक सोपे जाते, कारण तो दूरचे कमी टिपतो.

ब्लूटूथ इयरबडबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. गाणी ऐकताना ते सुरेख वाजतात, पण त्यांचा माइक सुरू झाला की जोडणी हँड्सफ्री प्रकारात जाते आणि ध्वनिनमुने सेकंदाला बहुधा ८,००० किंवा १६,००० वेळाच घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे पहिल्या प्रकारात ४,००० हर्ट्झच्या वरचे सगळे जाते आणि त्याबरोबर "स"चा बराचसा भागही. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण कमी होते, पण त्यासाठी इयरबड आणि लॅपटॉप दोन्हींत ती सोय असावी लागते. सध्या इयरबडच वापरायचे असतील तर ऐकण्यासाठी ते ठेवावेत आणि ॲपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून दुसरे वायरचे साधन निवडावे.

कॉलर माइक घेताना पिन पाहावी. मोबाइलच्या ३.५ मिलिमीटर जॅकला पिनवर तीन काळ्या रिंगा असलेली, म्हणजे चार भागांची पिन लागते. कॅमेऱ्यासाठीच्या माइकला दोन रिंगांची असते. चुकीची पिन बसते, पण फोन तिला ओळखत नाही आणि आपल्या नकळत फोनचाच माइक चालू राहतो. खात्रीसाठी माइकवर नखाने हलकेच टकटक करावी आणि पडद्यावरची पातळीची पट्टी उसळते का ते पाहावे.

विजेची गुणगुण

ध्वनिमुद्रणात सतत "घूं" असा खालचा आवाज असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा ध्वनिमुद्रण करावे. आवाज गेला, तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा आहे आणि बहुधा अर्थिंग सदोष आहे. माइकची वायर चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्डापासून दूर न्यावी, लॅपटॉप आणि त्याला जोडलेली सगळी साधने एकाच बोर्डावर घ्यावीत, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. गुणगुण घालवण्यासाठी तिसरी पिन तोडण्याचा किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावण्याचा उद्योग कोणी सुचवला तरी करू नये. त्याने शॉक बसू शकतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा गुणगुणू लागतो, तेव्हा कॉल सुरू असेल तर पंखा बंद करून लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतलेला बरा, कारण वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू होण्यात काही मिनिटे जातात.

प्रतिध्वनी

"मला माझाच आवाज परत ऐकू येतोय" असे जो म्हणतो, त्याच्या बाजूला सहसा दोष नसतो. त्याचा आवाज पलीकडच्या कोणाच्या तरी स्पीकरमधून बाहेर पडून तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. म्हणून प्रतिध्वनी ऐकणाऱ्याने आपली साधने खोलत बसू नये. बैठकीतल्या एकेकाला म्यूट करून पाहावे. ज्याला म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबतो, त्याने हेडफोन लावावा किंवा स्पीकर लहान करून माइकपासून दूर ठेवावा.

एका खोलीत दोन लॅपटॉप एकाच बैठकीत जोडले की शिट्टी सुरू होते. तिथे एकाच लॅपटॉपचा आवाज ठेवावा आणि दुसऱ्याचा माइक व स्पीकर दोन्ही बंद करावेत. केवळ माइक म्यूट करून भागत नाही. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसत असतील तर सर्व बाजूंनी ऐकणारा कॉन्फरन्स स्पीकरफोन मधोमध ठेवावा.

पातळी, सेटिंग आणि इंटरनेट

विंडोजच्या सेटिंगमधील साऊंड या भागात इनपुट निवडून, मॅकवर सिस्टिम सेटिंगमध्ये, आपलाच माइक निवडला आहे ना ते पाहावे. ॲपमध्येही तोच निवडावा, कारण दोन्हींकडे वेगळा माइक निवडलेला असू शकतो. ऑडॅसिटीत बोलताना सर्वांत मोठे शब्द उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी ठेवावी. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. माइक जवळ आणि खोली शांत असेल तर झूममधील आपोआप पातळी बदलण्याची सोय बंद करावी, नाहीतर आपण थांबलो की ती पंख्याला वर उचलते.

नॉइज सप्रेशन, म्हणजे ॲपमधली गोंगाट पुसण्याची सोय, मध्यम किंवा कमी पायरीवर ठेवावे. सर्वांत वरच्या पायरीवर ते शब्दांची टोकेही छाटते. ब्राउझरमधून जोडताना पत्त्याच्या पट्टीजवळच्या खुणेवर क्लिक करून माइकची परवानगी तपासावी.

आवाजाला इंटरनेट फार लागत नाही. सेकंदाला शंभर किलोबिटच्या आत तो भागतो. बिघडवते ती जोडणीतली अनियमितता. शक्य तिथे राउटरपासून लॅपटॉपला केबल लावावी, आणि जाड भिंतींच्या घरात तीही सोय नसेल तर राउटर त्याच खोलीत आणावा. आवाज तुटू लागला की आपला व्हिडिओ बंद करावा.

गायन-वादनाचे वर्ग

शाहू महाराजांच्या काळी अल्लादिया खाँसाहेब ज्या दरबारात गायक होते आणि जिथे देवल क्लबसारखी संस्था उभी राहिली, त्या कोल्हापुरात ऑनलाइन गाणे शिकवणाऱ्यांनी वरील सल्ल्यांपैकी एक मात्र उलटा करावा. नॉइज सप्रेशन पूर्ण बंद ठेवावे. हे तंत्र सलग, न बदलणारा आवाज गोंगाट समजून पुसते, आणि तानपुरा तर सलगच वाजतो. लांबवलेला षड्जही ते हळूहळू दाबत नेते. शिष्येला वाटते की गुरूंचा स्वर ढळला. झूममध्ये "ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स" हा पर्याय सुरू करावा, बैठक सुरू झाल्यावर वरच्या बटणाने तो खरोखर चालू झाल्याची खात्री करावी, आणि दोन्ही बाजूंनी वायरचे हेडफोन लावावेत, कारण प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणाही स्वर कापते. गाण्यासाठी माइक दीड-दोन वितींवर न्यावा आणि तार सप्तकातला सर्वांत मोठा स्वर लावून पातळी ठरवावी.

एकत्र गाण्याचा प्रयत्न मात्र करू नये. आवाज पलीकडे पोहोचायला आणि परत यायला लागणारा वेळ बोलण्यात खपून जातो, लयीत खपत नाही; गुरूंनी दिलेल्या सम्‌ला शिष्येची सम मागून येते. गुरूंनी ओळ म्हणून थांबावे, शिष्येने ती म्हणावी. ठेका आणि तानपुरा शिष्येच्या बाजूला, तिच्याच मोबाइलवर वाजवावा, म्हणजे तिचे गाणे आणि तिचा ठेका एकत्रच निघून गुरूंपर्यंत एकत्रच पोहोचतात आणि तालाची चूक गुरूंना जशीच्या तशी ऐकू येते.